तांदळाच्या वडीनं केस येत नाहीत

गिऱ्हाईक समोर आलं की मी आधी विचारते, "तुमच्या घरी तुरीची डाळ शिजते का?"

लोक गोंधळतात. शाम्पू घ्यायला आलेल्या बाईला डाळीचं कशाला विचारायचं? कुणी हसतं, कुणी रागावतं. आमगावच्या बाजारात एका बाईनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं आणि शेजारी बसलेल्या आमच्या गटाच्या अध्यक्षीणबाईला हळूच विचारलं, "इची तब्येत बरी आहे ना वो?" पण मी विचारतेच. उत्तर मिळाल्याशिवाय शाम्पूवडी कागदात गुंडाळत नाही.

कारण सरळ आहे. ज्या पाण्यात डाळ कितीही उकळली तरी दाणा दाणा राहते, ते पाणी जड. जड पाण्यात आमच्या वडीला फेस येत नाही. येतो तो पांढरा चिकट थर, आणि तो केसांवर बसतो. केस वाळले तरी मेण लावल्यासारखे लागतात, फणी अडकते. मग ती बाई घरी बसून आम्हाला शिव्या देते, आणि तिचं काही चुकत नाही. तलावाच्या किंवा नळाच्या मऊ पाण्यात तीच वडी लावली तर केस हातातून निसटतात. वडी तीच, पाणी वेगळं. हे गिऱ्हाइकाला आधी नाही सांगायचं तर मग कधी सांगायचं?

मी भागरता. शाळा चौथीपर्यंत. आमच्या गावात बायकांचा बचत गट आहे, तांदळाच्या शाम्पूवड्या करतो. मध्ये तालुक्याला गटांचा मेळावा झाला. तिथं निवेदन करणाऱ्या मुलीनं माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मावशी, तांदळाच्या शाम्पूवडीचे फायदे सांगा." मी माईक धरून उभी राहिले. मग तो पुस्तकलाच्या हातात दिला आणि खाली बसले. पुस्तकला म्हणजे आमची अध्यक्षीणबाई. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. ती छान बोलली. टाळ्या पडल्या.

सगळ्यांना वाटलं, भागरता लाजली. लाजते मी. सभेत चार माणसांसमोर मला बोलता येत नाही. पण त्या दिवशी नुसती लाज नव्हती. नुसते फायदे सांगायला माझं तोंड उघडत नव्हतं, आणि तोटे त्यांनी विचारले नव्हते. जे तिथं बोलले नाही ते इथं लिहिते. हे कुणाला वाचून दाखवायचं नाही, म्हणून मोकळं लिहिते.

आधी वडी काय असते ते सांगते. वडी म्हणजे साबणच, फक्त केसांसाठी बेतलेला. खोबरेल, एरंडीचं तेल आणि राइस मिलमधल्या कोंड्याचं तेल एकत्र कोमट करायचं. दुसरीकडं तांदळाचं धुवण गाळून अगदी थंड करायचं आणि त्यात काष्टिक, म्हणजे साबण करायचा जहाल सोडा, सोडायचं. काष्टिक पाण्यात सोडायचं, काष्टिकवर पाणी कधी ओतायचं नाही, नाही तर उसळून तोंडावर येतं. धुवण कोमट राहिलं तर काष्टिकाच्या उष्णतेनं करपतं, तपकिरी होतं, वास मारतं. ते नीट विरघळलं की बारीक धारेनं तेलात ओतायचं आणि ढवळत राहायचं. पिठल्यासारखं दाट झालं की थोडं तांदळाचं पीठ घालून लाकडी खोक्यात भरायचं. दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या कापायच्या. लगेच विकायच्या नाहीत. महिना-दीड महिना फळीवर ठेवायच्या, तोवर काष्टिकाची धार मरते आणि वडी कडक होते. पावसाळ्यात त्याहून जास्त. आमच्याकडं पावसाळ्यात वडीलासुद्धा घाम येतो, वर थेंब जमतात.

ओतायचं काम माझं. पहिल्या वर्षी पुस्तकलाच्या मनगटावर काष्टिक उडालं, अजून डाग आहे. तेव्हापासून ते काम माझ्याकडं आलं. मी बोलत नाही, त्यामुळं ओतताना माझं लक्ष इकडंतिकडं जात नाही, असं पुस्तकला म्हणते.

धुवण गोळा करायला गल्लीत घरोघर बादली फिरवावी लागते. त्यावरून पहिलं भांडण माझ्या सासूशी झालं. आमच्याकडं तांदळाचं धुवण गाईच्या घमेल्यात जातं. सासू म्हणाली, "गाईच्या तोंडचं काढून बायांच्या डोक्शाले लावता? आन पोटात जायाचं अन्न मोरीत सोडता?" मग आम्ही ठरवलं, पहिलं धुवण गाईचं, दुसरं आमचं. पहिल्यात कोंडा असतो, तो गाईला हवाच असतो, आणि आम्हाला नकोच असतो, कारण त्यानं वडी लवकर खवट होते. सासू आता स्वतः दुसरं धुवण झाकून ठेवते. वडी मात्र लावत नाही. तिची रिठ्याची पिशवी तिच्याजवळ.

सुरुवातीला आमच्याकडून बरंच बिघडलं. एकदा मिलमधून उसन्या तांदळाची कनकी, म्हणजे तुकडा, सहज मिळाली, तीच वापरली. उसना म्हणजे धान आधी उकडून मग काढलेला तांदूळ. गोंदियाच्या मिलजवळून जाताना त्या उकडलेल्या धानाचा जो वास येतो, तोच वास आख्ख्या घाण्याला लागला. डोकं धुतलेली बाई शेजारून गेली तरी मिलचा हौद आठवायचा. तो सगळा घाणा आम्ही कपडे धुण्यात संपवला. तेव्हापासून अरवाच, म्हणजे न उकडलेला.

पीठही आधी गावच्या चक्कीवर दळत होतो. ते जाड राहायचं. गटातल्या सगुनाचा नवरा धाकट्या भावाची सोयरीक पक्की करायला निघाला, त्या सकाळी त्यानं आमची वडी लावून डोकं धुतलं. तिकडं मांडवात बसला तर डोक्यात सगळीकडं पांढरे कण. मुलीच्या मामानं विचारलं, "पाहुने, डोक्शात काय पडलं जी?"

हा भोळा माणूस म्हणाला, "तांदूर."

मामा म्हणाला, "अक्षदा तं आनखी पडाच्या आहेत. तुमी घरूनच घेऊन आले का?"

सोयरीक झाली, पण सगुनाच्या नवऱ्याला त्या गावात अजून अक्षदावाले पाहुणे म्हणतात. आम्ही पीठ मलमलच्या कापडातून चाळायला लागलो.

वडी लावायची कशी हे मला शिकवलं आमगावच्या सलूनवाल्या गजूभाऊंनी. आम्ही सांगायचो, वडी केसांवर घासा. लांब केसांच्या बायांचे गुंते व्हायचे. गजूभाऊ एक वडी घेऊन गेले आणि चार दिवसांनी तक्रार घेऊन आले, "बाई, वितळली." विचारलं तर कळलं, दाढीच्या साबणासारखी वाटीत पाणी घालून तिच्यातच ठेवली होती. पण तिथंच त्यांनी सांगितलं, "म्या तं ब्रशानं फेस काढतो आन मंग डोक्शाले लावतो. गिऱ्हाइकाले बरं वाटते. केस गुततच नाही." मी घरी करून पाहिलं, ब्रश नाही, तळहातावर. हातात फेस काढा आणि मुळांना लावा, वडी केसांना लावूच नका. आता मी प्रत्येकीला असंच सांगते, आणि हे गजूभाऊंनी शिकवलं असंही सांगते.

फायदेही आहेत, आणि ते मी मान खाली घालून सांगत नाही. बाटली नाही, पुडी नाही. बोदलकसा तलावाच्या काठावर सहलीची माणसं जाऊन आल्यावर पुड्यांचे जे तुकडे पडलेले दिसतात, त्यात आमचा एकही नसतो. कचारगडच्या जत्रेला जाणाऱ्या बायका वडी रुमालात बांधून नेतात, पिशवीत सांडत नाही, कपडे भिजत नाहीत. कोरडी ठेवली तर बरेच दिवस पुरते. तांदळामुळं केस मऊ लागतात, तेही खरं. पण का लागतात? सुती साडीला कांजी केली की ती कशी उभी राहते, तसंच. तांदळाचा मांड केसावर बसतो. म्हणून जास्त वापरली तर केस कांजीच्या साडीसारखे ताठही होतात. ज्यांचे केस आधीच कोरडे, त्यांनी आठवड्यातून एकदाच लावावी. रंग लावलेल्या केसांचा रंग लवकर उतरतो. डोळ्यांत गेली तर झोंबते. ओल्या साबणदाणीत ठेवली तर लापशी होते. डोक्यातला कोंडा बरा होत नाही. पांढरे केस काळे होत नाहीत. आणि गळणारे केस थांबत नाहीत.

त्या शेवटच्या वाक्यावरून सगळं झालं.

गोंदियाच्या एका दुकानदारानं बाजारात आमची वडी पाहिली. सौंदर्याच्या वस्तूंचं मोठं दुकान. तो म्हणाला, तुम्ही कराल तेवढा माल मी घेतो, वर्षभर घेतो. फक्त कागद माझा. आमच्या गटाला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. आम्ही बाजारात बसून, दारोदार फिरून विकत होतो. हा माणूस घरी गाडी पाठवणार होता.

सगळ्यांत जास्त आनंद सगुनाला झाला. दरवर्षी धान निघालं की ती नवऱ्याबरोबर आंध्राकडं मिरची तोडायला जाते. मुलं इथं आजीजवळ राहतात. परत येते तेव्हा हातांची आग महिनाभर जात नाही, पोळी भाजायलाही तव्याजवळ जाववत नाही. ती म्हणाली, "यंदा नाई जात मी. इथंच वड्या कापतो." आणि मुकादमाला तसं सांगूनही टाकलं.

मग दुकानदाराचा माणूस नमुन्याचे कागद घेऊन आला. गुळगुळीत कागद, वर लांब केसांची बाई. खाली लिहिलेलं, केस गळणे बंद. सर्व प्रकारच्या केसांसाठी. मी चौथी शिकलेली असले तरी एवढं वाचता येतं.

मी पुस्तकलाला म्हणाले, "हे खोटं आहे."

"माईत आहे मले."

"मंग?"

"मंग काय? सगळेच लिवतात. लोकाईले बी माईत राहते, सगळे लिवतात म्हनून. कोनी खरं मानते का?"

त्याच आठवड्यात मानणारी आली. आमच्याच गावची शांता. तिनं पुस्तकलाच्या घरी तो कागद पाहिला होता. तिची मुलगी वर्षा आमगावला कॉलेजात जाते. तिला मोठा ताप आला होता, दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. ताप गेला आणि दोन-तीन महिन्यांनी केस जायला लागले. उशीवर, फणीत, अंघोळीच्या पाण्यात, सगळीकडं केस. पोरगी डोक्याला ओढणी बांधून कॉलेजात जायची, घरातही सोडायची नाही. शांता तिला बरोबर घेऊन आली होती. पोरगी भिंतीकडं पाहत उभी राहिली.

शांता म्हणाली, "मले गळतीवाली वडी दे."

मी म्हणाले, "गळतीवाली कोनतीच नाई वो. वडी एकच आहे. आन तुमच्या घरचं बोअरचं पानी. त्यानं तं केस आनखी गुततीन, फनीत आनखी येतीन."

"कागदावर तं लिवलं आहे."

"चुकीचं लिवलं आहे." मग मी वर्षाकडं पाहून सांगितलं, "तापानं गेलेले केस येतात बाई. माये बी असेच गेले होते, धाकटा पोटात असताना ताप आला होता तवा. काईच नाई लावलं. आपोआप आले. तरी एकडाव डाक्टरले दाखवा."

शांता माझ्या जवळ सरकली. "आपोआप? आपोआप काईच येत नाई भागरता या जगात. पोरीच्या डोक्शाकडं पाह्य अन मंग सांग. मले काऊन नाई देत? दुकानदाराले देतं, मले नाई?"

मी दिली नाही. ती पोरीचा हात धरून निघून गेली, आणि वाटेत जी भेटली तिला सांगत गेली की भागरताला आता शेठ भेटला, गावची माणसं दिसत नाहीत.

संध्याकाळी पुस्तकला माझ्या ओसरीवर येऊन बसली. तिला राग आला नव्हता. ती विचार करून आली होती.

"तापानं गेलेले केस येतात ना परत?"

"येतात."

"नक्की?"

"बहुतेकाईचे येतात."

"कशानं?"

"कशानंच नाई. आपले आपन."

"मंग झालं तं. देऊन टाक तिले वडी. तलावाचं पानी घे म्हना. केस येनारच आहेत, नाव वडीचं होईन. आख्ख्या गावासमोर होईन. तू खोटं बोलली बी नाई, आन पोरीचं वाईट बी नाई झालं. सांग, कोनाचं काय बिघडलं?"

आजही मला वाटतं, असा प्रश्न मेळाव्यात विचारायला हवा होता. मी गाईपुढं घमेलं सरकवलं. मग म्हणाले, "हिचे येतीन. मंग दुसरीले हिचंच डोकं दाखवतीन. दुसरीचे तापानं नाई, आनखी कशानं जात असतीन. ते डाक्टरकडं जानार नाई, वडीच घासत बसन. तिचं बिघडलं."

"ते दुसरी कोठं आहे? दिसते का तुले?"

"नाई दिसत."

"सगुना तं दिसते ना?"

सगुना दिसत होती. तिची मुलं दिसत होती. पुस्तकला उठली आणि जाताना म्हणाली, "उद्या शेठचा मानूस येते घाना पाहाले. येजो."

मी गेले. आमचं काम समाज मंदिरामागच्या खोलीत चालतं. सगळ्या बायका आल्या होत्या. तेल कोमट झालेलं, थंड धुवणात काष्टिक विरघळलेलं, खोके पुसून ठेवलेले. दुकानदाराचा माणूस खुर्चीवर बसला होता, मोबाइलवर फोटो काढायच्या तयारीत. त्याच्याजवळ कागदांचा गठ्ठा.

मी माझ्या जागेवर बसले. हातमोजे घातले. चष्मा लावला. आणि काष्टिकाच्या पाण्याचा जग उचललाच नाही.

पुस्तकला म्हणाली, "ओत ना."

"नाई."

"काऊन?"

"तो कागद लागनार असन तं मी नाई ओतत."

परक्या पुरुषासमोर मी एवढं मोठ्यानं पहिल्यांदा बोलले असेन. त्या माणसानं फोन लावला आणि माझ्यापुढं धरला. शेठ चांगल्या आवाजात बोलला. "दीदी, ये सब लिखना पड़ता है. सब लिखते हैं. और सुना है आप ग्राहक से दाल पूछती हो? वो चक्कर छोड़ो. ग्राहक को शैंपू चाहिए, इंटरव्ह्यू नहीं."

मी म्हणाले, "सगळे लिहितात तं लिहू द्या. माया वडीवर नको."

"तो फिर आपकी वडी आप ही रखो," तो म्हणाला. फोन बंद झाला नव्हता. तो वाट पाहत होता.

सगुना म्हणाली, "तुयी वडी? आमची नाई का वो ते? आमी का रिकामे बसलो होतो?" तिचं बरोबर होतं. धुवणाची बादली तीच फिरवते.

मग पुस्तकलानं जग उचलला. तिनं बाह्या वर केल्या, हातमोजेही घातले नाहीत. मी तिला अडवलं नाही. अडवायचा मला हक्क नव्हता. मी फक्त मोजे काढून तिच्यापुढं धरले. तिनं मोज्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तेल थंड होत चाललं होतं, कडेला साय धरायला लागलं होतं. तिनं जग खाली ठेवला.

त्या माणसाला ती म्हणाली, "जा भाऊ. आज नाई होत." आणि आमच्याकडं पाठ करून म्हणाली, "इचं तोंड उतरलं असताना माया हातून नाई ओतल्या जात. आता मले कोनी काई विचारू नका."

कागदांचा गठ्ठा गाडीतून परत गेला. गाडी पुन्हा आली नाही.

त्या वर्षी सगुना मिरचीला गेली. मुकादमाला एकदा नाही म्हटलेलं होतं, त्यानं तिला उशिरा घेतलं आणि लांबच्या शेतावर टाकलं. जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या दारात गेले. ती भांडी बांधत होती. म्हणाली, "तुया खरेपनानं मायी चूल नाई पेटत भागरता." मी परत आले. तिच्या मुलांना अधूनमधून घरी जेवायला बोलवायचे. मुलं यायची, पण त्यानं हिशेब फिटत नाही, हे मला कळत होतं.

तरीही मी लिहिते की पुन्हा तसा कागद आला तर पुन्हा ओतणार नाही. मला कुणी म्हणालं की तू हट्टी आहेस, तर हो. कुणी म्हणालं की तुला व्यवहार कळत नाही, तर मला तो कळतो म्हणूनच मी नाही म्हणाले. वडी डोक्यावर जाते, खोलीतून बाहेर जाते, कुणाच्या तरी न्हाणीत जाते, जिथं मी नसते. तिथं तिच्याबरोबर फक्त तो कागद असतो. तो कागद माझ्या वतीनं बोलतो. मी स्वतः कमी बोलते, म्हणून माझ्या वतीनं कुणी खोटं बोललेलं मला चालत नाही.

विक्री मात्र हळूहळू वाढते. साध्या खाकी कागदात गुंडाळून आम्ही बाजारात बसतो. काही बायका डाळीचा प्रश्न ऐकून उठून जातात. काही घरी जाऊन डाळ शिजवून पाहतात आणि पुढच्या बाजारी येऊन सांगतात. एक म्हातारी तर डाळच फडक्यात बांधून दाखवायला घेऊन आली होती.

उन्हाळ्यात सगुना परत आली. बाजाराच्या दिवशी गुपचूप येऊन माझ्या शेजारी बसली, पण माझ्याशी बोलत नव्हती. काही द्यायचं असलं तर पुस्तकलाला सांगायची, पुस्तकला मला सांगायची. आम्ही तिघी एकाच तरटावर.

अशाच एका बाजारी शांता आली. बरोबर वर्षा. पोरीच्या डोक्यावर ओढणी नव्हती. केस आले होते, कानापर्यंत, दाट, मधून उभे राहिलेले. ती हसत होती. मला इतकं बरं वाटलं की मी हातातलं काम ठेवून तिच्याकडं पाहत राहिले.

शांता मोठ्यानं बोलत होती, शेजारच्या भाजीवालीलाही ऐकू जावं असं. "पाहा वो बायांनो, पोरीचे केस पाहा. गोंदियावरून तेल आनलं, जडीबुटीचं. रोज लावलं. काही जन म्हनत होते आपोआप येतीन. आपोआप कोठं येते?"

दोघी-तिघींनी तेलाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. एकीनं ते दुसरीला सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर नाव गावभर झालं.

पुस्तकलानं माझ्याकडं मान वळवली. "ऐकलं? हे नाव आपलं होनार होतं."

"होऊ दे त्याचं," मी म्हणाले.

"होऊ दे म्हन. तुले काय."

सगुना वड्यांवरची धूळ पुसत राहिली.

बायका पांगल्यावर शांता खाली वाकली. आवाज एकदम हळू झाला. "भागरता, एक विचारू का वो? ते तेल निघतच नाई. शाम्पूच्या दोन-दोन पुड्या लागतात तरी चिपचिप राहते. उशीचा अभ्रा पाह्यशीन तं भजे तळल्यासारखा झाला आहे. पोरगी वैतागली. तुया वडीनं निघन का?"

मी वर्षाच्या डोक्याला हात लावून पाहिलं. बोटं तेलानं माखली. आत नवे केस मुळाशी घट्ट होते, चांगले होते.

"निघन," मी म्हणाले. "तेल काढाले वडी एकदम चांगली. घरच्या पान्यानं नको, तलावाचं आन. हातावर फेस काढून लाव. शेवटी लिंबाचं पानी टाक. एका धुन्यात निघन."

"नक्की?"

"नक्की."

शांता वडी निवडायला लागली. तेवढ्यात सगुना, तोंड समोर ठेवून, कुणाकडंही न पाहता म्हणाली, "हे तरी छापू का मंग कागदावर?"

गावातून मिरचीला गेल्यापासून ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

"छाप," मी म्हणाले.